शिल्लक सात कोटींची असताना गोखले असमाधानी का होते?

खानापूरच्या सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सरकारी खजिना शिलकीत असणे चांगले, तूट आणि कर्ज वाईट, असे आपण कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या अंदाजपत्रकांबद्दल दरवर्षी ऐकतो. मग १९०२ साली हिंदुस्थान सरकारने सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली असताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिचे अभिनंदन करण्याऐवजी तिच्यावरच टीका का केली, आणि या वादाचा आपल्या बेळगाव भागाशी काही संबंध होता का?

संबंध होता, आणि तो बराच जवळचा होता. कारण बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, इलाख्याच्या दक्षिण विभागाचे मुख्य ठाणेही बेळगावातच होते, आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखले बसत होते ते मुंबई कायदेमंडळातील बिनसरकारी सभासदांचे प्रतिनिधी म्हणून. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते आणि अर्थखाते सर एडवर्ड लॉ यांच्याकडे होते. त्या भाषणाचा गाभा एका वाक्यात सांगता येईल. ही शिल्लक देश सुखी झाला म्हणून पडलेली नाही. अडचणीच्या काळासाठी म्हणून वाढवलेले कर अडचण सरल्यावरही तसेच ठेवल्यामुळे ती पडली आहे, आणि ज्या वर्षांत ती पडली ती वर्षे दुष्काळाची आणि प्लेगची होती.

हे नीट समजायचे तर रुपयाच्या भावापासून सुरुवात करावी लागते. विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत मोठी रक्कम द्यावी लागे. कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले व्याज, लष्कराचा तिकडचा खर्च, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने आणि इंडिया ऑफिसचा, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील खात्याचा, खर्च हे सारे त्यात येत असे. याला ‘होम चार्जेस’ म्हणत. शतकाच्या अखेरीस हा आकडा वर्षाला साधारण पावणेदोन कोटी पौंडांच्या घरात गेला होता. कर मात्र रुपयांत गोळा होत आणि रुपया चांदीचा होता. १८७० नंतर जगभर चांदीचा भाव घसरत गेला. पूर्वी सुमारे दोन शिलिंगांना, म्हणजे २४ पेन्सना जाणारा रुपया १८९४-९५ च्या सुमारास १३ पेन्सवर आला. एका पौंडाचे २४० पेन्स. रुपया १३ पेन्सचा असेल तर एक पौंड भरायला जवळजवळ साडेअठरा रुपये लागतात, आणि १६ पेन्सचा असेल तर बरोबर पंधरा. पौंडामागे साडेतीन रुपयांचा हा फरक दीड-पावणेदोन कोटी पौंडांना लावून पाहा: वर्षाला पाच ते सहा कोटी रुपये होतात.

रुपया घसरत होता त्या काळात हे खिंडार बुजवण्यासाठी सरकारने एकामागून एक कर लावले. १८८६ मध्ये प्राप्तिकर कायम झाला, १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला, १८९४ मध्ये आयात जकाती पुन्हा आल्या, आणि १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर बसला, तोही मँचेस्टरच्या गिरण्यांची तक्रार होती म्हणून. दरम्यान १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. रुपयांचा पुरवठा आवळला गेला, भाव हळूहळू चढला आणि शतक संपता संपता १६ पेन्सवर स्थिरावला. म्हणजे ज्या कारणासाठी कर वाढवले ते कारण बहुतांशी दूर झाले होते. कर मात्र राहिले. गोखल्यांनी बोट ठेवले ते नेमके इथे, आणि माझ्या मते त्यांच्या युक्तिवादाचा हा भाग आजही कोणाला खोडता आलेला नाही.

टांकसाळी बंद झाल्याची दुसरी बाजू आपल्याकडच्या पुस्तकांत फारशी येत नाही, ती इथे सांगायला हवी. अथणी, गोकाक, परसगड या पावसाला पारख्या तालुक्यांत शेतकऱ्याची बचत बँकेत नव्हती. ती बायकांच्या अंगावर तोडे, वाळे, कमरपट्टा या रूपात होती. पूर्वी चांदीची किंमत रुपयाशी बांधलेली होती, कारण चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेता येत. १८९३ नंतर रुपया वर गेला आणि चांदी खाली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हेच दागिने सराफाकडे किंवा सावकाराकडे गेले, तेव्हा त्यांचे पूर्वीइतके रुपये मिळेनात. शेतसारा मात्र रुपयांतच भरायचा होता, आणि रुपया महाग झाल्यामुळे तोच सारा भरायला अधिक धान्य विकावे लागे. कायद्याने साऱ्याचा एक पैसाही वाढलेला नसताना त्याचे ओझे वाढले होते. दादाभाई नौरोजी हे पुन्हा पुन्हा सांगत होते.

आता मिठाकडे येऊ, कारण सीमाभागात या वादाची झळ सर्वांत स्पष्ट दिसते ती मिठात.

मणाचे चाळीस शेर आणि रुपयाचे सोळा आणे, म्हणजे अडीच रुपये मण हा कर शेराला बरोबर एक आणा पडतो. माणशी वर्षाला सहा शेर मीठ धरले तर पाच जणांच्या घराला नुसता कर तीस आणे, म्हणजे दोन रुपयांना दोन आणे कमी. शेतमजुराची दिवसाची मजुरी दोन-तीन आण्यांच्या आसपास असताना हे दहा ते पंधरा दिवसांचे श्रम झाले. मोठ्या जमीनदाराच्या घरीही मीठ जवळपास तेवढेच लागते. उत्पन्न जितके कमी तितका हा कर जड, आणि भाव चढला की गरीब माणूस मीठ कमी खातो. गोखल्यांनी १९०२ मध्ये माणशी खप घटल्याचे आकडेच मांडले होते.

आपल्याकडे मीठ येई कोकणातून आणि गोव्यातून, घाट चढून, लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर. गोव्याची मिठागरे पोर्तुगीजांच्या हद्दीत असल्यामुळे ब्रिटिशांच्या करात तेवढी फट राहत होती. ती बुजवण्यासाठी १८७८ च्या डिसेंबरात दोन्ही सरकारांनी करार केला. तो १८८० च्या जानेवारीपासून अमलात आला, गोव्याचे मीठ ब्रिटिशांच्या देखरेखीखाली गेले, आणि मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदरातून कॅसलरॉक, लोंढ्याकडे आलेली रेल्वेही याच करारातून निघाली. १८९२ मध्ये करार संपला आणि घाटमाथ्यावर जकातीचा पहारा पुन्हा बसला. लोंढ्याच्या फलाटावरून जाताना या मार्गाचा मिठाच्या कराशी असलेला संबंध फार थोड्यांच्या लक्षात येतो.

शहापूरची गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. बेळगावला खेटून असलेले शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते. तिथला विणकर ब्रिटिश सरकारला शेतसारा देत नव्हता, प्राप्तिकरही देत नव्हता. पण मिठाचा कर मिठागरावरच वसूल होऊन किमतीत मिसळून येत असल्यामुळे शहापूरच्या घरातही तो भरला जाई. कलकत्त्यात भरणाऱ्या व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखले निदान मुंबई इलाख्याच्या वतीने बोलत होते. संस्थानी प्रजेच्या वतीने तिथे कोणीच बोलत नव्हते.

सरकारची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लॉ आणि कर्झन यांचे म्हणणे असे की रेल्वे, जकात आणि इतर बाबींचे उत्पन्न वाढते आहे, म्हणजे लोकांची ऐपत वाढते आहे. आणि शिल्लक रेल्वेत घातली तर तितके कर्ज कमी काढावे लागते. कर्झन यांनी माणशी वार्षिक उत्पन्न तीस रुपये धरले होते, तर हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर लिहिणारे इंग्रज लेखक विल्यम डिग्बी यांनी ते अठरा रुपयांपेक्षाही कमी असल्याचे मांडले. दोन्ही आकडे अंदाजाचेच होते. परंतु दुष्काळाने आणि प्लेगने माणसे मरत असलेल्या वर्षांत सलग शिल्लक पडते याचा अर्थ लावायला माणशी उत्पन्नाच्या अचूक आकड्याची गरज नाही, आणि गोखल्यांनी तो आकडा आपल्या युक्तिवादाचा आधार केलाही नव्हता. सरकारचेच हिशेब घेऊन ते सरकारपुढे उभे राहिले. त्यामागे न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखालचे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातले वर्षानुवर्षांचे काम होते आणि आकड्यांच्या बाबतीत गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य होते. जोशींचे नाव आज जवळपास विस्मरणात गेले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अशा शिलकीवरचा अविश्वास नवा नव्हता. १८७६-७८ च्या दुष्काळाने बेळगाव आणि शेजारचा कलादगी (पुढचा विजापूर) हे जिल्हे इतके उद्ध्वस्त झाले की १८७२ च्या खानेसुमारीपेक्षा १८८१ मध्ये दोन्हींची लोकसंख्या कमी भरली. त्यानंतर तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारने पुढच्या दुष्काळांच्या तरतुदीसाठी म्हणून वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला काढण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी धंद्यांवर परवाना कर बसवला. लगेच अफगाण युद्ध आले आणि ती तरतूद युद्धाच्या खर्चापुढे मागे पडली. दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा दुष्काळासाठी राहत नाही, हा धडा पुण्याच्या मंडळींनी तेव्हाच घेतला होता. १८९६-९७ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन सांगत होते की पीक बुडाले तर साऱ्याची तहकुबी आणि सूट मागण्याचा आधार सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत आहे. उत्तर म्हणून सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

तुमच्या प्रश्नातला कर्जाचा भाग राहिला. गोखले कर्जाच्या विरोधात होते, अशी समजूत बरीच आढळते. ती बरोबर नाही. जुन्या कर्जाबद्दलची तक्रार वेगळी होती: १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्या नावावर चढला, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश १८७४ पर्यंत इथल्या करांतून मिळत राहिला. ज्या खर्चाला इथल्या माणसाची संमती घेतली नव्हती तो इथल्या माणसाच्या माथी का, असा तो प्रश्न होता. चालू कर्जाबद्दल मात्र गोखल्यांचे मत सरळ होते. हिंदुस्थानचे अनुत्पादक, म्हणजे कमाई न करणाऱ्या खर्चासाठी काढलेले, कर्ज इतर देशांच्या मानाने थोडे आहे, त्यामुळे ते फेडण्याची घाई करायला नको. रेल्वेसारखी कमाई करणारी कामे कर्जातून व्हावीत, आणि करांतून उरलेला पैसा शाळा, आरोग्य आणि शेतकऱ्याचा बोजा हलका करण्याकडे जावा. पिकाला पाणी नसलेल्या रयतेच्या कराच्या पैशातून रुळ घालायचे आणि कर्ज टाळल्याची शाबासकी घ्यायची, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून आजच्या एखाद्या राज्याच्या तुटीला किंवा शिलकीला १९०२ चे भाषण जसेच्या तसे लावू नका. पैसा कोणाकडून आला आणि कशावर जायचा राहिला, हे पाहिल्याशिवाय गोखले कोणत्याही आकड्याबद्दल मत देत नसत.

परिणाम काय झाला? १९०३ मध्ये मिठाचा कर मणाला दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला, आणि खप वाढला. शेतसाऱ्यात तशी सवलत मिळाली नाही, लष्करी खर्च उतरला नाही, आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. पहिल्या महायुद्धात मिठाचा कर पुन्हा सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये तर मध्यवर्ती कायदेमंडळाने नाकारलेली वाढ व्हाइसरॉय रीडिंग यांनी स्वतःच्या खास अधिकारात मंजूर केली आणि कर परत अडीच रुपयांवर गेला. त्याविरुद्ध इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी तो सव्वा रुपयावर आणावा लागला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले.