तळघराची फरशी फुगली, तडे भरू का?

प्रश्न : आमच्या सहा मजली इमारतीच्या तळघराची फरशी चार दिवसांच्या सलग पावसानंतर खांबांच्या मधोमध फुगली आणि तडकली. माती तपासली तेव्हा १२ मीटरपर्यंत पाणी लागलं नव्हतं. कंत्राटदार म्हणतात, ‘वर एवढं ओझं असताना पाणी काय उचलणार?’ तडे भरून घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. तड्यांतून झिरपणारं पाणी खालचा दाब थोडा तरी हलका करतंय. ती वाट बुजवलीत तर फरशी आणखी उचलेल.

सहा मजल्यांचं ओझं खांबांतून थेट पायात उतरतं. दोन खांबांच्या मधल्या फरशीला त्याचा काही उपयोग नाही, तिथे तिचं स्वतःचं वजन तेवढं. २० सेंमी जाड काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. फरशीच्या तळापासून अर्धा मीटर पाणी चढलं की तेवढाच दाब उलटा लागतो. अडीच मीटर चढलं तर २,५०० किलो, म्हणजे वजन वजा जाता दोन टन वर. खांब सहा-सहा मीटरवर असतील तर एका चौकटीत ७२ टन! स्लॅब उलटा टांगल्यासारखी ही स्थिती. मधोमध सळई वरच्या बाजूला हवी. साध्या फरशीत ती बहुधा नसतेच.

उमेदवारीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. जमिनीखालची पाण्याची टाकी बांधून तयार होती, पण रिकामी. रात्री भोवतालचं पाणी उपसणारा पंप बंद पडला, पाऊस आला, सकाळी टाकीचा एक कोपरा वीतभर वर. पाणी ओसरल्यावरही ती जागेवर बसली नाही, कारण खाली गाळ शिरला होता.

मग माती तपासायला घेतलेल्या बोअरमध्ये पाणी का नव्हतं? कारण तेव्हा तुमचा खड्डाच नव्हता. भोवतालची माती चिकण असेल तर खोदकामाची जागा घमेल्यासारखी वागते. भिंतीबाहेर भरलेल्या सैल मातीतून पाऊस आत उतरतो आणि तिथेच साचतो.

आधी गच्चीच्या पन्हाळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्या, भोवतालच्या जमिनीला बाहेर उतार द्या. मग अभियंत्यासमोर फरशीला एक छोटं भोक पाडून त्यात उभी पारदर्शक नळी घट्ट बसवा. नळीत पाणी जितकं चढेल तितकाच दाब. दीड मीटर चढलं तर चौरस मीटरला दीड टन. पावसात रोज नोंद ठेवा. नळी कोरडी राहिली आणि फुगवटा उतरला नाही, तर संशय फुगणाऱ्या मातीवर, मग उपायही वेगळा.

पाणीच निघालं तर दोन रस्ते. फरशीखाली खडी आणि छिद्रांचे पाइप घालून पाणी खड्ड्यात आणायचं व उपसायचं, किंवा जाड फरशी नव्याने टाकून ती खालच्या जमिनीला जखडायची. पहिला स्वस्त, पण राखीव पंप हवाच, आणि खडीभोवती गाळणीचं कापडही. ते नसेल तर पाण्याबरोबर बारीक मातीही उपसली जाते, आणि ती जाते तुमच्या पायाखालून.