घोडी दाराची फळी का चावते?

प्रश्न : माझी मुलगी घोडेस्वारी शिकते. तिची लाडकी घोडी तबेल्यात असली की दाराच्या फळीवर वरचे दात टेकवते, मान ताणते आणि घुर्र आवाज करत हवा ओढते. सगळे म्हणतात, खोड आहे, गळ्याला पट्टा आवळला की जाईल. खाणंपिणं तर उत्तम आहे. मग असं का? रानातले घोडेही हे करतात का?

उत्तर : मोकळ्या कळपांत ही सवय आढळत नाही. पट्टा मात्र आवळू देऊ नका. दुखतंय म्हणून घोडी थांबेल, पण मूळ कारण तसंच राहील. घोड्यांचा डॉक्टर म्हणून या एका गोष्टीवरून मी तबेलेवाल्यांशी आजही भांडतो.

‘खाणंपिणं उत्तम’ म्हणजे काय, ते एकदा तिथे थांबून बघा. बहुधा सकाळ-संध्याकाळ चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, आणि थोडं गवत. चंदी बघता बघता फस्त होते, मग दार बंद. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून 15-16 तास चरतो; दोन पावलं, चार घास, पुन्हा दोन पावलं. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, आणि पोटात काही असो-नसो, त्यात आम्ल झिरपतच राहतं. ते शमवणारी लाळ फक्त चावतानाच सुटते. म्हणजे दोन जेवणांमधले लांबलचक रिकामे तास जठराला सोसवत नाहीत. अशा घोड्यांचं जठर दुर्बिणीने तपासलं की व्रण वारंवार दिसतात.

दुसरं कारण एकटेपणा. रानात एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरं असं कुटुंब असतं. वयात आलेले नर बाहेर पडून आपली टोळी करतात. घोड्यांची आपसातली मैत्री वर्षानुवर्षं टिकते. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या आयाळीच्या मुळाशी दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. मुलीला सांगा, खरारा करताना आयाळ संपते त्या उंचवट्यावर बोटांनी नीट चोळ. घोडीचा वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला, तर जागा बरोबर सापडली. झोपेलाही सोबत लागते. डुलकी उभ्याने होते, पण गाढ झोपेसाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं, आणि शेजारी कोणी जागं असेल तर तो निर्धास्त आडवा होतो.

मोकळं आयुष्य म्हणजे स्वर्ग, असं मात्र मी म्हणणार नाही. मंगोलियातले ताखी नावाचे रानघोडे विसाव्या शतकात रानातून नाहीसे झाले होते. प्राणिसंग्रहालयांत जगलेल्या मोजक्या घोड्यांच्या वंशजांना 1992 पासून तिथे परत सोडलं गेलं. 2009-10च्या हिवाळ्यात तिथल्या गोबी वाळवंटातल्या त्यांच्या कळपातले निम्म्याहून जास्त घोडे बर्फाने मेले. अमेरिकेत मोकळे फिरणारे मस्टँग घोडे तर स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचेच वंशज. 1971 पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, तरी दुष्काळात पाण्यावाचून हाल होतातच. तुमच्या घोडीला औषध, निवारा, खुरांची देखभाल सगळं मिळतं. ते तिला हवंच आहे.

तेव्हा मालकांशी बोला. चंदी कमी करून वैरण वाढवा, ती बारीक जाळीत ठेवा म्हणजे खायला वेळ लागेल. रोज काही तास दुसऱ्या घोड्याबरोबर मोकळं सोडा, निदान शेजारची भिंत खाली करून नाकाला नाक लागू द्या. जठराची तपासणी करून घ्या. सवय जुनी असेल तर पूर्ण जाणार नाही. फळी चावताना दिसली म्हणून घोडीला कोणी मारत असेल, तर ते मात्र आजच थांबवा.