सर्व्हर अचानक बंद पडतो, तेव्हा दोष विजेच्या वाटेवर शोधावा

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्ड परिसरात आमची लहान पतसंस्था आहे. आमचा सहा वर्षे जुना सर्व्हर अलीकडे कोणतीही सूचना न देता बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. हे बहुधा संध्याकाळी, दिवसअखेरचे काम आणि बॅकअप चालू असताना घडते. विंडोजचा चूक दाखवणारा निळा पडदा दिसत नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद सापडते. रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकली, यूपीएस तर आहेच. आता मदरबोर्ड गेला आहे, नवा सर्व्हर घ्या, असे दुरुस्ती करणारे सांगतात. आम्ही काय करावे?
– एक व्यवस्थापक, सांगली

उत्तर : नवा सर्व्हर घेण्याचा निर्णय तूर्त थांबवावा. आपण दिलेल्या माहितीत मदरबोर्डाकडे बोट दाखवणारे असे काहीच नाही, विजेकडे बोट दाखवणारे मात्र बरेच आहे. सर्वांत आधी सभासदांच्या खात्यांचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून तो उघडतो की नाही हे पाहावे, कारण लिहिण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज तुटली तर डेटाबेस बिघडू शकतो.

४१ क्रमांकाची नोंद बिघाडाचे कारण सांगत नाही. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच विंडोज पुन्हा सुरू होताना तिथे लिहून ठेवते. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’, म्हणजे विंडोजने टिपलेल्या चुकीचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदवण्याइतकीही उसंत मिळाली नाही असे समजावे. सर्व्हरच्या मदरबोर्डावर देखरेखीची स्वतंत्र चिप असेल, तर तिच्या नोंदवहीत व्होल्टेज उतरल्याची किंवा वीज तुटल्याची नोंद सापडू शकते. ही नोंदवही विंडोजवर अवलंबून नसल्यामुळे ती अवश्य वाचावी. प्रोसेसर अति तापला तरीही यंत्र असेच तडकाफडकी बंद पडते, म्हणून पंखे आणि धूळ एकदा पाहून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. यूपीएस आहे म्हणजे वीज अखंड मिळते, असे आपण सारेच गृहीत धरतो. लहान कार्यालयांत बहुधा लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस असतो. वीज गेल्यावर त्याला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, आणि वीज न जाता केवळ व्होल्टेज उतरले तरी आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ‘टक्’ आवाज करून पुरवठा बदलतो, त्यातही क्षणभराचा खंड पडतो. हा खंड भरून काढण्याचे काम सर्व्हरच्या एसएमपीएसमधले, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून सर्व्हरला लागणारी कमी व्होल्टची वीज बनवणाऱ्या पॉवर सप्लायमधले, वीज साठवणारे कपॅसिटर करतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, आणि चांगला एसएमपीएस पूर्ण भारावरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते. कपॅसिटर मात्र उष्णतेने झिजतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि सांगलीचा उन्हाळा व बंदिस्त खोली यांत सहा वर्षे चाललेल्या एसएमपीएसची तग धरण्याची क्षमता घटलेली असणे अगदी शक्य आहे. बॅकअपच्या वेळी भार वाढतो, तेव्हा ती आणखी घटते. म्हणजे यूपीएस सुटा तपासला तर ठीक, एसएमपीएस सुटा तपासला तरी ठीक, आणि दोन्ही एकत्र आले की सर्व्हर बंद, असे घडू शकते. माझा पहिला संशय याच जोडीवर आहे.

तो पडताळण्यासाठी प्रत्येक घटनेची वेळ, त्या वेळी दिवे लुकलुकले का, यूपीएसचा ‘टक्’ आवाज आला का आणि सर्व्हरवर कोणते काम चालू होते, हे वहीत लिहावे. दिवे स्थिर असताना केवळ बॅकअपच्या भाराने सर्व्हर पडत असेल, तर दोष एसएमपीएसकडे झुकतो. आवाजाबरोबर पडत असेल, तर यूपीएसची बाजूही तपासावी. त्यासाठी सर्व्हर बंद करून यूपीएसला शंभर वॅटचे दोन साधे बल्ब जोडावेत आणि भिंतीतला प्लग काढावा. बल्ब लगेच विझले तर बॅटरी बदलावी. भार नसताना मल्टिमीटरवर बॅटरी निरोगी दिसते, त्या आकड्यावर विसंबू नये.

एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या वाहिनीवर भार असताना ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा याबाहेर असेल तर दोष सिद्ध झाला. आत असेल तर तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणार्धाची घसरण टिपण्याइतका मल्टिमीटर चपळ नसतो. त्याच मॉडेलचा, खात्रीचा एसएमपीएस काही दिवस लावून पाहणे हीच खरी परीक्षा. एका वेळी एकच भाग बदलावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. एसएमपीएस स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात.

शेवटी परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टांहून अधिक असेल, तर न्यूट्रलचा सांधा सैल आहे का आणि अर्थिंग कमकुवत आहे का, हे तपासावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी ज्या तळमजल्यांत शिरले होते, तिथले जुने सॉकेट आणि न्यूट्रलचे सांधे गंजलेले असू शकतात. आपले कार्यालय तशा इमारतीत असेल तर बॅकअप घेतल्यावर ही तपासणी इतर तपासण्यांच्या आधी करावी.

प्रश्न : आमच्या रुग्णालयातील सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत, तरीही यूपीएस बिघडल्यावर तो बंद पडला. असे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दोन्ही कॉर्ड एकाच यूपीएसला जोडलेल्या असाव्यात. तशी जोडणी एक पॉवर सप्लाय निकामी झाल्यास उपयोगी पडते, यूपीएस निकामी झाल्यास नाही. दोन कॉर्ड दोन स्वतंत्र यूपीएसना जोडाव्यात, आणि दोघांवर मिळून असलेला सगळा भार एकट्याला पेलवेल एवढी प्रत्येकाची क्षमता ठेवावी. त्यानंतर रुग्णसेवेला बाधा येणार नाही अशी वेळ ठरवून एकेक कॉर्ड काढून पाहावी.