'दासानुदास', 'सेवकांचा सेवक' आणि 'सेवक नेतृत्व'

प्रश्न असा आला आहे: पोप फ्रान्सिस यांच्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'सर्व्हंट लीडरशिप'साठी (म्हणजे नेत्यानं आधी इतरांचा सेवक होण्यासाठी) 'सेवक नेतृत्व' लिहिलं तर चालेल का? आणि पोपच्या जुन्या लॅटिन बिरुदाला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणावं की 'दासानुदास'?

आधी बिरुद घेऊ. 'सेर्वुस सेर्वोरुम देई' हे बिरुद पोप पहिले ग्रेगरी (590–604) यांनी रूढ केलं. कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष स्वतःला 'वैश्विक' म्हणवून घेत, त्याला ग्रेगरींचा कडवा विरोध होता; त्यांचं बिरुद याच्या उलट टोकाचं. लॅटिनमधला 'सेर्वुस' म्हणजे पगारी नोकर नव्हे, तर धन्याच्या मालकीचा गुलाम. त्यापुढे 'सेवक' फार सौम्य वाटतो. मराठी बायबलात हा फरक नीट सांभाळलेला आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (10:43-44) मोठं व्हायचं असेल त्यानं 'सेवक' व्हावं आणि पहिलं व्हायचं असेल त्यानं सर्वांचा 'दास' व्हावं, असं येशू सांगतो. मूळ ग्रीकमध्येही तिथे दोन निराळे शब्द आहेत.

शिवाय 'दासांचा दास' ही नुसती षष्ठी नाही. 'राजांचा राजा' म्हणजे सर्वांत थोर राजा, तसा 'दासांचा दास' म्हणजे सर्वांत खालचा दास. लॅटिन बायबलात उत्पत्तीच्या पुस्तकात (9:25) नोहा कनानला शाप देतो, तिथे हीच शब्दजोड येते. जे एकाला शाप म्हणून मिळालं, ते दुसऱ्यानं आपणहून नावापुढे लावलं! म्हणून माझं मत निःसंशय 'दासानुदास'च्या बाजूनं. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मात्र एक पथ्य आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 'दासानुदास' माणूस स्वतःलाच म्हणवतो. दुसऱ्याला 'तो दासानुदास आहे' म्हटलं तर मान राहत नाही. लॅटिन बिरुदही तसंच प्रथमपुरुषी आहे. पोप आपल्या औपचारिक आज्ञापत्राच्या आरंभी ते स्वतःच्या नावापुढे लिहितात; दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक धर्माध्यक्षांच्या 1962–65च्या महासभेच्या) दस्तऐवजांवरही पोप सहावे पॉल यांचं नाव याच बिरुदासह आहे.

'सर्व्हंट लीडरशिप' याच्या नेमकी उलट आहे. रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन माणसानं 1970मध्ये रूढ केलेली ही व्यवस्थापनशास्त्रातली संज्ञा. ती दुसऱ्याचं वर्णन करते, बहुधा कौतुकानं. फ्रान्सिस यांच्यासाठी ती वापरायला हरकत नाही, पण ते स्वतः बोलत ते चर्चच्या जुन्या भाषेत. ऑक्टोबर 2015च्या भाषणात त्यांनी चर्चला उलट्या पिरॅमिडची उपमा दिली: शिखर पायाच्याही खाली. पीटरचा वारस, म्हणजे पोप, हा 'सेर्वुस सेर्वोरुम देई'खेरीज दुसरं काही नाही, असंही ते तिथे म्हणाले.

फ्रान्सिस यांच्या पाय धुण्याबद्दलही अनुवादात जपून लिहा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, म्हणजे पवित्र गुरुवारी, चर्चमध्ये हा विधी होतो. आपल्याकडे लग्नात वधूचे आईवडील वराचे पाय धुतात. धुणारा मान देतो, घेणारा वरचा. हे डोक्यात असलं की 28 मार्च 2013च्या पवित्र गुरुवारी काय घडलं ते कळतं. रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात 76 वर्षांचे पोप गुडघ्यांवर बसले, बारा मुलामुलींच्या पावलांवर पाणी ओतलं, पाय पुसले आणि त्यांचं चुंबन घेतलं. त्यांत दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. तोवर नियमानुसार या विधीला पुरुषच बसत. तो नियम जानेवारी 2016मध्ये बदलला. एप्रिल 2025मध्ये, मृत्यूच्या चारच दिवस आधी, ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले आणि यंदा पाय धुणं जमणार नाही, पण तुमच्याजवळ राहायचं आहे, असं कैद्यांना म्हणाले. अशा प्रसंगाला 'पाद्यपूजा' लिहू नका. पूजेचा अर्थ तिथे नाही. साधं 'पाय धुतले' पुरे.

आता 'सेवक नेतृत्व'. व्याकरणात ते चुकत नाही, पण वाचताना अडखळायला होतं. आपल्याकडे 'सेवक वर्ग', 'शिक्षकेतर सेवक', 'सेवकांची पतपेढी' यांत सेवक म्हणजे कर्मचारी. त्यामुळे 'सेवक नेतृत्व' म्हटलं की कर्मचारी संघटनेचा पुढारी डोळ्यांपुढे येतो. 'सेवाभावी नेतृत्व' कानाला गोड, पण ते 'सेवाभावी संस्थे'च्या अंगानं जातं आणि खाली उतरण्याचा अर्थ हरवतो. मी तरी नाम टाळून क्रियापद वापरेन: 'सेवक होऊन नेतृत्व करणं'. मथळ्याला नामच हवं असेल तर 'सेवकाचं नेतृत्व' लिहा, जोडशब्द करू नका. आणि बिरुद अवतरणचिन्हांत, पोपच्याच तोंडी ठेवा: पोप स्वतःला 'ईश्वराचा दासानुदास' म्हणवतात.