गावात मानसिक आरोग्याबद्दल जागृती करायची आहे, काय केल्याने खरंच फरक पडेल?

तुमचं मंडळ गणपतीत मानसोपचारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवतंय आणि त्याचा कितपत उपयोग होईल, असं तुम्ही विचारलंय. व्याख्यान जरूर ठेवा. फक्त शेवटी माइकवर प्रश्नोत्तरं नकोत. शाळेची एखादी खोली उघडून घ्या, डॉक्टरांना तासभर तिथे बसवा आणि ज्याला बोलायचंय त्याला एकट्याला आत जाऊ द्या. लोक वेडा म्हणतील, बहिणीचं लग्न अडेल, या धास्तीने चारचौघांत कोणी तोंड उघडत नाही.

मी विदर्भात आशा गटप्रवर्तक आहे. घरी जाऊन, नीट बसून बोललं की माणसं मोकळी होतात, हा माझा अनुभव. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने असंच काम केलं. गावातलीच माणसं तयार केली, त्यांनी छोट्या बैठका घेतल्या आणि गरजूंना समुपदेशक व डॉक्टरांपर्यंत पोचवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. म्हणून आशाताई, बचत गटातली एखादी जाणती बाई आणि पुरुष ज्याच्याशी मोकळं बोलतात असा एखादा माणूस, एवढे तरी आधी सोबत घ्या.

त्यांनी विचारायचं काय? बायको सांगते, “हे रात्रभर बाजेवर बसून राहतात, वावरात जायचं नावच घेत नाहीत.” अशा वेळी उपदेश नको. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन लागतं का, हे विचारा. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात तसं भरतं ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाला हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कोणी विष घेतलंच तर घरचे पोलिसांच्या भीतीने “चुकून पोटात गेलं” म्हणतात आणि काय घेतलं, कधी घेतलं, ते डॉक्टरांपासून लपवतात. यात जीव जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरत नाहीत. हे व्याख्यानात डॉक्टरांच्या तोंडून गावाला ऐकवा.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हेही सांगायला लावा. आठव्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून गोळ्या बंद करणारे फार.

गावातले बरेच जण आधी भगताकडे जातात. त्याच्याशी वाद घालू नका. माणूस डॉक्टरकडेही पाठव, एवढंच त्याला सांगा.

तारीख ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा: मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या ग्रामीण रुग्णालयात येतात का, कोणत्या वारी? नसतील तर जिल्हा रुग्णालयात विचारा. तो वार आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर (फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं) ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि रेशन दुकानात मोठ्या अक्षरांत लावा. कृषी केंद्रातही लावा, कारण फवारणीचं औषध तिथूनच घरी येतं.