तीन महिन्यांत दहा किलो? हा आकडा आला कुठून?

ताई, एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारा रिपोर्ट, ६.१ आला म्हणून पहाटे पाचला उठणं, रोज दहा हजार पावलं, भात-साखर बंद आणि तीन महिन्यांत दहा किलो कमी, असं सगळं एकदम सुरू केलंत आणि दुसऱ्याच आठवड्यात ते बारगळलं, असं तुम्ही लिहिलंय. माझा रिपोर्टही काही वर्षांपूर्वी असाच ५.७ ते ६.४ च्या मधला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा होता. वाचून राहवलं नाही.

तळलेलं कमी, भाज्या जास्त वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. मला बोलायचंय ते त्या दहा किलोंबद्दल. मला तो आकडा वजन कमी करून देणाऱ्या एका सेंटरने दिला होता. नाव घेत नाही. पैसे आगाऊ. दर शनिवारी काट्यावर उभं करायचे, कार्डावर वजन लिहायचे आणि वाढलं असेल तर लाल पेनाने गोल. पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरलं, केवढं कौतुक झालं! त्यात बरंचसं पाणीच असतं हे कुणी सांगितलं नाही. पुढे काटा अडला तेव्हा ‘मॅडम, तुम्ही मनापासून करत नाही’ हे चारचौघींसमोर ऐकवलं. अहो, आठवडाभर नेमाने चाललेल्या बाईचंही पाळीच्या आसपास किलोभर वजन वाढलेलं दिसू शकतं. पण त्या कार्डावर चालण्याचा रकानाच नव्हता! पैसे परत मागितले तर पावतीवरच्या बारीक अक्षरांतल्या अटी दाखवल्या. पैसे गेले ते गेले, पण त्या धास्तीने मी पुढे कित्येक महिने रक्ततपासणीलाही गेले नाही. याचा राग अजून जात नाही.

उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात लक्ष्य होतं ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सत्तर किलोच्या माणसाला हे जेमतेम पाच किलो होतात. दहा हजार पावलांचा आकडाही १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला.

म्हणून माझं ठाम मत, पटलं तर घ्या: सध्या वजनाचं लक्ष्यच ठेवू नका. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं, एवढंच ठरवा. पाहुणे आले, पाऊस लागला, तर घरातल्या घरात पाच मिनिटं. तेही कॅलेंडरवर टिक करण्याजोगं समजा. हे अंगवळणी पडलं की मग वेळ वाढवा. १५० मिनिटांपर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागले तरी बिघडत नाही. भात बंद करू नका, वाढताना एक मूद कमी घ्या आणि वरण वाढवा. चहातली साखरही दोनचा दीड चमचा, मग एक, अशी उतरवा. एकदम तोडली की संध्याकाळी बिस्किटांच्या पुड्यावर हात जातोच.

मी डॉक्टर नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण टाळण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि एचबीएवनसी दर महिन्याला करत बसू नका, तो साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो.

तुमच्या कामाच्या वेळा काय आणि घरी स्वयंपाक कोण करतं, हे पोस्टमध्ये नाही. रात्रपाळी असेल तर चालण्याची वेळ वेगळी बसवावी लागेल. लिहा, मग सांगते.