आईची झोपेची गोळी आणि तुमचा मोठा प्रश्न

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आजीच्या काळात गावात एखादाच 'येडा' असायचा, आता घरोघरी डिप्रेशन आणि गोळ्या दिसतात, तर आजार वाढला की कंपन्यांनी वाढवला? आणि आईची चार वर्षांपासूनची अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी उद्यापासून बंद केली तर चालेल का?

आईचं आधी सांगतो. अशी एकदम बंद करू नका. रोज घेणाऱ्याने ही गोळी अचानक सोडली की झोप उडते, हातपाय थरथरतात, जीव घाबरा होतो, कधी फिटसुद्धा येते. डॉक्टरांना विचारून थोडी थोडी कमी करत न्यायची असते.

आता दुसरं. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी 27 वर्षं मेडिकल चालवतोय. पूर्वी आजार नव्हता हे मला पटत नाही. त्याला बाहेरचं झालंय म्हणायचे, करणी म्हणायचे, अंगात येतं म्हणायचे. चुलीपुढून न उठणाऱ्या बाईला आळशी म्हणायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात माझ्या आत्याचं घर गेलं. पुढे पक्कं घर मिळालं, तरी ती मरेपर्यंत दाराशीच झोपायची, दार उघडं ठेवून. तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, त्यामुळे ती कुठल्याच आकड्यात नाही.

ताण वाढलाय हेही खरं. 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण पाहिलेत. उचल घेऊन सहा-सहा महिने कोयत्यावर जाणारी घरं आहेत, नीटच्या तयारीसाठी खोली करून एकटी राहणारी लेकरं आहेत. औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे माल खपवणारे प्रतिनिधी, दुकानात येतात, त्यांचाही थोडा हात आहे. पण काउंटरमागून मला जे दिसतं ते वेगळं आहे.

निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. मग माझ्याकडून एवढ्या गोळ्या जातात कुठे? माणूस मनाचं दुखणं घेऊन येतच नाही. छाती धडधडते, पित्त उसळतं, डोकं दुखतं, झोप नाही, असं सांगत जवळच्या दवाखान्यात जातो. पित्ताच्या गोळीसोबत झोपेची मिळते. त्याच रात्री झोप लागते, गुण आला असं वाटतं. चिठ्ठी मळून तिच्यावरचं अक्षर पुसलं तरी गोळी चालूच राहते. डिप्रेशनच्या गोळीचं उलटं आहे. एस्सिटालोप्रामसारख्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आधी मळमळतं. दहाव्या दिवशी घरचे म्हणतात, सोडून दे, सवय लागेल. ही गोळीही विचारून, हळूहळूच सोडायची असते, पण झोपेच्या गोळीसारखी तिची तलफ येत नाही. जिची येते ती मात्र साधी म्हणून आयुष्यभर चालते. एवढी एक समजूत बदलावी म्हणून मी रोज घसा कोरडा करतो.

छत्रपती संभाजीनगरात पोरं नशेसाठी ज्याला 'बटन' म्हणतात, ती या झोपेच्या गोळीच्याच जातीची. मार्च 2014 पासून ती शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. पट्टीवर लाल चौकट असते, डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. सुरुवातीच्या वर्षांत मीही ओळखीच्या म्हाताऱ्यांना चिठ्ठी न बघता पट्ट्या दिल्या. त्याचं आज वाईट वाटतं.

आणि पाठवायचं तरी कुठे? राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते, पण एसटीने जाऊन यायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला.

तरी आईला तिथेच न्या. सगळ्या पट्ट्या आणि सापडली तर पहिली चिठ्ठी सोबत घ्या. जाणं लांबणार असेल तर 14416 ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीसुद्धा चालू, मराठीत बोलतात. आणि जाण्याआधी आईला एकदा विचारा, चार वर्षांपूर्वी झोप कशाने गेली होती.

माझ्याकडे दर महिन्याला पट्टी न्यायला येणाऱ्या एका मावशींना मी हे सहाव्या वर्षी विचारलं. त्या म्हणाल्या, "धाकट्यानं औषध घेतलं, तव्हापासून." आपल्याकडे औषध घेतलं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. सहा वर्षं मी त्यांना फक्त सुट्टे परत दिले होते. मग मी त्यांच्या सुनेशी बोललो. आता सून त्यांना जिल्ह्याला घेऊन जाते. झोपेची गोळी पाववर आली आहे, दुसरी, डिप्रेशनची, रोज सकाळी चालू आहे.